डॅशकॅममध्ये कार्ड अडकलंय? आधी ओढू नका

तुम्ही लिहिलंय की डॅशकॅममध्ये, म्हणजे गाडीच्या काचेवरच्या कॅमेऱ्यात, मायक्रोएसडी मेमरी कार्ड आत गेलं ते बाहेरच येत नाही, आणि त्यात परवाच्या धडकेचं रेकॉर्डिंग आहे. मग कार्डाचं नंतर बघू. आधी कॅमेऱ्याची वायर काढा. डॅशकॅम जुन्या फायलींवर नवीन लिहीत जातो, त्यामुळे तो गाडीत चालू राहिला तर तुम्हाला हवं तेच पुसलं जाऊ शकतं.

वायर काढल्यावर स्क्रीन पूर्ण बंद होईपर्यंत थांबा. मग घरी आणून डेटा केबलने लॅपटॉपला जोडा. (नुसत्या चार्जिंगच्या केबलने काही दिसणार नाही, आणि गाडीतली वायर बऱ्याचदा तसलीच असते.) स्क्रीनवर पर्याय आले तर मास स्टोरेज (म्हणजे कॅमेरा पेन ड्राइव्हसारखा उघडतो) निवडा, नाहीतर काही कॅमेरे तिथंही रेकॉर्डिंग सुरू करतात. फायली दिसल्या की कॉपी करा. निम्मं टेन्शन तिथंच संपतं.

फायली दिसल्या म्हणजे कार्ड खाचेत नीट बसलंय, फक्त स्प्रिंग सोडत नाही. हे कार्ड ओढून नाही, ढकलून निघतं. ते पुरेसं आत गेलं की टक् आवाज होतो आणि सोडल्यावर बाहेर येतं. आपलं बोट जाड, ते कॅमेऱ्याच्या कडेलाच अडतं, म्हणून टक् होत नाही. नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने मधोमध सरळ दाबा आणि झटकन सोडा. आठ-दहा वेळा करा, कंटाळू नका. थोडं बाहेर आलं की प्लास्टिकच्या चिमट्याने धरा. कार्डाच्या मागच्या कडेला नखापुरता उंचवटा असतो, चिमटा तिथंच लावा.

कॅमेरा ‘कार्ड नाही’ म्हणत असेल, तर बहुतेक ते खाचेत गेलेलंच नाही. खाच आणि बाहेरचं प्लास्टिक यांच्या फटीत घसरलंय. मायक्रोएसडी १५ बाय ११ मिलिमीटरचं, अंग जेमतेम ०.७ मिलिमीटर जाड, त्याला फट पुरते. कॅमेरा उलटा करून हलवा. खुळखुळ ऐकू आली तर फटीतून पडेलही, नाही पडलं तर स्टिकर आणि रबराखालचे बारीक स्क्रू काढून खोलावं लागेल. वॉरंटी असेल तर ते काम तुम्ही करू नका.

सुई, टाचणी अजिबात नको. मी शिवणाची सुई घातली होती. कार्ड निघालं, पण आतली एक पिन वाकली आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून अख्खी खाच बदलून घ्यावी लागली. फेविक्विक लावलेली काडी, तेल, स्प्रे हे उपाय तर वाचलेत तिथंच सोडा.

निघालेलं कार्ड उन्हाने फुगलेलं किंवा कडेला सुटलेलं दिसलं, तर अडकण्याचं कारण तेच. परत घालू नका. चांगलं दिसलं तरी विम्याचं काम होईपर्यंत बाजूला ठेवा आणि कॅमेऱ्यात हाय एन्ड्युरन्सचं, म्हणजे सततचं रेकॉर्डिंग झेलणारं, दुसरं घाला.