मशीन घेण्याआधी दार बघ

भाऊ, वरूडकडे संत्र्याचं कोल्ड स्टोरेज चालवायला घेतलंस, फार बरं वाटलं. पण मोठ्या मशीनच्या मागे लागण्याआधी माल कसा येतो ते बघ. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांची संत्री मार्चच्या भर दुपारी तोडून ट्रॉलीत उन्हात उभी ठेवली, तर फळातली गरमी काढण्यातच वीज जाते. दव सुकलं की लगेच तोडणी कर, माल सावलीत ठेव आणि संध्याकाळी थंड वेळेला आत घे.

दुसरं, दार. पहिल्या वर्षी गाडी भरेपर्यंत मी दार सताड उघडं ठेवायचो. बाहेरची दमट हवा आत शिरायची, आतल्या थंड करणाऱ्या नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ चढायचा आणि कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नव्हता. बर्फ म्हणजे कॉइलवरचं पांघरूणच, थंडी खोलीत येऊच देत नाही. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लाव, दाराचं रबर दर महिन्याला तपास. गरमी बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरवरची धूळही झाड, आपल्याकडे उन्हाळ्यात ती फार बसते.

नागपुरी संत्र्याला ६-७ अंश पुरतात. शून्याकडे नेलंस तर सालीवर डाग पडतात, जास्तीची वीज जळते ती वेगळीच. सोलर जरूर घे, पण थंडीची गळती बंद केल्यावर, म्हणजे पॅनेलही कमी लागतील.

आणि दोन दिवसांच्या भाजीला मशीन कशाला? विटांची दुहेरी भिंत बांध, मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेव आणि भाजी आत ठेव. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हा गारवा छान चालतो, पावसाळ्यात मात्र नाही.