लेकीवर नजर ठेवायला सुकन्येचा हप्ता थांबवू का?

प्रश्न : मी लातूरला राहते, नोकरी औशाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत. लेक आठ महिन्यांची आहे, दिवसभर सासूबाई सांभाळतात. मोबाईलवर बाळ दिसेल असा बेबी मॉनिटर घ्यायचाय. किंमत १५,६०० रुपये. क्रेडिट कार्डावर १२ महिने १,३०० रुपयांचा नो-कॉस्ट ईएमआय. रेकॉर्डिंगचे महिना २९९ वेगळे. घरी वायफाय नाही, ते महिना ५८९ ला मिळतंय. त्यासाठी सुकन्या समृद्धीत भरते ते महिना १,५०० रुपये वर्षभर थांबवू का?

उत्तर : ताई, थांबवू नका. आणि १५,६०० चा मॉनिटरही घेऊ नका.

तुम्ही फक्त ईएमआय धरलाय. दोन वर्षांचे रेकॉर्डिंगचे ७,१७६ आणि वायफायचे १४,१३६ मिळवले की आकडा ३६,९१२ वर जातो. नो-कॉस्ट म्हणजे फुकट नव्हे. व्याजाइतकी सूट किमतीत दाखवतात, पण बँक व्याज लावतेच आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच बिलात येतो. बहुतेक बँका प्रोसेसिंग फीही घेतात. एवढं करून लेकरू चालायला लागलं, घरभर पळायला लागलं, की पाळण्यावर रोखलेला कॅमेरा काय दाखवणार?

सुकन्येत वर्षाला किमान २५० भरले तरी खातं चालू राहतं, म्हणून थांबवणं सोपं वाटतं. पण या वर्षीचे १८,००० रुपये ८.२ टक्के दराने २० वर्षांत साधारण ८७,००० होतात. महागाई वजा केली तर हा आकडा बराच बारीक होतो, हेही खरं. तरी दोन वर्षांत अडगळीत जाणाऱ्या वस्तूसाठी मी तो सोडणार नाही.

शिवाय आपल्याकडे लाईट गेली की राउटर बंद, म्हणजे चित्रही बंद. इन्व्हर्टर नसेल तर तो खर्च आणखी वेगळा.

मधल्या सुट्टीत सासूबाईंना व्हिडिओ कॉल करा. महिनाभर तेवढ्यावर भागतंय का बघा. नाहीच भागलं, आणि वायफाय घरात इतरांनाही लागणार असेल, तर मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा दोन-तीन हजारांचा साधा कॅमेरा रोखीने घ्या. महिन्याचं शुल्क नको. मात्र बिननावाचा, अपडेट न मिळणारा माल नको. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ट्रेंडनेट कंपनीच्या जवळपास ७०० कॅमेऱ्यांचं थेट चित्र इंटरनेटवर उघडं पडलं होतं, त्यात पाळण्यात झोपलेली बाळंही होती. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वायर पाळण्यापासून किंवा झोळीपासून तीन फूट तरी लांब ठेवा. आणि कॅमेरा कुणाला उठून बाळाजवळ जायला लावत नाही, ते काम सासूबाईच करणार.

त्यांचंच राहिलं. कॅमेरा बाळासाठी लावला तरी दिवसभर त्यात दिसणार त्याही. त्यांना विचारलंय का? त्या नको म्हणाल्या, तर वरचा हिशोब मांडायचीही गरज नाही.