गोबरगॅसमध्ये शेणाऐवजी गवताचा मुरघास टाकला तर चालेल का?

मुरघास, म्हणजे खड्ड्यात हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा, चालतो, पण शेण पूर्ण बंद करून नाही. तुम्ही म्हणताय दोनच म्हशी उरल्यात आणि बांधावर नेपियर (हत्ती गवत) रगड आहे. आमच्याकडेही 2 घनमीटरचा दीनबंधू (पक्क्या घुमटाचा, म्हणजे डोमचा गोबरगॅस) आहे, मुरघासाचा खड्डाही आहे, म्हणून सांगतो.

कागदावर हिशोब भारी दिसतो. शेणातून किलोला साधारण 40 लिटर गॅस, आणि युरोपात गवताच्या चांगल्या मुरघासाला टनाला 150 ते 200 घनमीटर धरतात, म्हणजे किलोला 150 लिटरच्या पुढेच. कारण शेणातला कस जनावरानं आधीच काढून घेतलेला असतो. पण तो आकडा कोवळं कापून थोडं सुकवलेल्या गवताचा, आपला नेपियर डोक्याच्या वर गेला की दांडा लाकूड होतो, जिवाणूंना पचत नाही.

खरी भानगड टाकीत. गवत तरंगतं. जर्मनीत मोठमोठे मिक्सर असूनसुद्धा लांब गवत पात्यांना गुंडाळतं, आपल्या डोममध्ये तर ढवळायला काहीच नाही, वर जाड थर धरतो, गॅस खाली अडकतो, इनलेट, म्हणजे शेण टाकायचं तोंड, चोकअप होतो ते वेगळंच. शिवाय मुरघास आंबट, पीएच 4 च्या आसपास, एकदम जास्त घातला की टाकी आंबते आणि गॅस पेटेनासा होतो.

म्हणून दोन म्हशींचं 25 किलो शेण धरा, त्यात 4-5 किलो मुरघास, कुट्टी एक-दोन सेंटीमीटरची, टाकीतून बाहेर पडलेल्या स्लरीतच (शेणकाल्यातच) आदल्या रात्री भिजवून. सुरुवात मात्र किलोभरानं करा आणि आठवडाभर ज्योत बघा, निळी राहिली तरच वाढवा.

बाकी मला विचाराल तर चांगला मुरघास टाकीत घालणं जिवावर येतं. तो म्हशीला घाला, दूधही मिळेल आणि शेणही, खड्ड्याच्या कडेचा बुरशी धरलेला टाकीला. जर्मनीत परवडलं कारण 2004 च्या कायद्यानं पिकांच्या बायोगॅसपासून केलेल्या विजेला जादा दर दिला, मग लोकांनी मका इतका लावला की 2012 ला नव्या प्लांटांत घालायच्या मक्यावर 60 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आपल्याला तसा दर कोण देतंय.

आणि हो, बायोगॅससाठी नेपियर लावा, बेणं आमच्याकडूनच घ्या असं सांगत कोणी आलं, तर आधी प्लांट कुठं उभाय ते जाऊन बघा.