आपल्या फोनवर दुसरी बाजू का दिसत नाही?

प्रश्न : गेली काही वर्षे मी बातम्या आणि चर्चा प्रामुख्याने यूट्यूब व फेसबुकवरच पाहते. आरक्षणासारख्या विषयावर मला दिसणारे व्हिडिओ बहुतेक एकाच बाजूचे असतात, तर माझ्या भाच्याच्या फोनवर नेमके उलट बोलणारे येतात. आपल्याला सगळे ठाऊक आहे असे दोघांनाही वाटते आणि बोलणे लगेच वादावर जाते. व्हिडिओ निवडणारी ही यंत्रणा आपली मते घडवते का? पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद बंद केल्याने काही उपयोग होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याला आणि भाच्याला वेगवेगळे व्हिडिओ दिसतात, कारण ते निवडताना विषयाइतकाच पाहणाऱ्याचाही विचार केलेला असतो. कोणता व्हिडिओ आपण शेवटपर्यंत पाहिला, कोणता लगेच वर सरकवला, कशाला लाइक दिले आणि आपल्यासारख्या सवयी असलेल्या इतरांनी त्यानंतर काय पाहिले, यांवरून आपण पुढे काय पाहाल याचा अंदाज बांधला जातो. व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला, याला यूट्यूबने २०१२ पासून शिफारशींत अधिक महत्त्व दिले. ज्याचे म्हणणे पटते त्या वक्त्याला आपण अर्धा तास ऐकतो आणि न पटणाऱ्याला पहिल्या दोन वाक्यांतच बंद करतो. त्यामुळे पुढच्या खेपेला पहिल्यासारखेच वक्ते समोर येतात.

या प्रकाराची धास्ती जुनी आहे. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये लॉग-इन न करणाऱ्यांसाठीही शोधाचे निकाल व्यक्तीनुसार बदलायला सुरुवात केली आणि २०११ मध्ये एलाय परायझर या अमेरिकी कार्यकर्त्याने मांडलेली ‘फिल्टर बबल’ (ज्याला जे आवडते तेच दाखवून त्याला वेढणारा बुडबुडा) ही संज्ञा जगभर पसरली. मात्र मते ही यंत्रणाच घडवते, असे पुढच्या संशोधनातून सरळ सिद्ध झालेले नाही. स्वतःची राजकीय बाजू नोंदवलेल्या सुमारे एक कोटी अमेरिकी वापरकर्त्यांचा फेसबुकच्याच संशोधकांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. काय आधी दाखवायचे हे फेसबुक ठरवते त्या क्रमवारीमुळे विरुद्ध बाजूच्या बातम्या काहीशा कमी दिसत होत्या, पण आपल्याच विचारांची मित्रमंडळी जोडल्यामुळे होणारी घट त्याहून मोठी होती. कंपनीने स्वतःविषयी काढलेला निष्कर्ष म्हणून तो सावधपणे वाचावा, हे खरे. मात्र २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात विद्यापीठांतील संशोधकांनी त्याच कंपनीच्या सहकार्याने २३ हजारांहून अधिक लोकांवर प्रयोग केला आणि काहींच्या फीडमधील, म्हणजे फेसबुक उघडल्यावर एकामागून एक समोर येणाऱ्या नोंदींतील, समविचारी मजकूर सुमारे एक तृतीयांशाने घटवला, तरीही त्यांच्या राजकीय मतांत मोजता येईल असा फरक पडला नाही.

एवढ्यावरून निर्धास्त व्हावे, असे मला वाटत नाही. मत बदलले नाही तरी समोरच्याचे मत कोणत्या कारणांवर उभे आहे हे कळेनासे होते, आणि हे नुकसान मला अधिक गंभीर वाटते. मुलींचे शरीरसंबंधास संमतीचे किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात वाद पेटला तेव्हा टिळकांचा ‘केसरी’ विरोधात आणि आगरकरांचा ‘सुधारक’ बाजूने लिहीत होता. भाषा बोचरी असे, पण प्रतिपक्षाचा मुद्दा खोडायचा म्हणजे आधी तो मांडावा लागे, त्यामुळे एकच पत्र घेणाऱ्या वाचकालाही दुसरीकडे काय म्हटले जात आहे याची कल्पना येई. आजच्या फीडमध्ये विरुद्ध मत आले तरी बहुधा त्यातले सर्वांत उथळ वाक्य कापून, टर उडवण्यासाठी आलेले असते, आणि काय गाळले गेले याचा मागमूसही राहत नाही. आपण आणि आपला भाचा एकाच विषयावर बोलत असलात तरी दोघांच्या हाती निरनिराळ्या घटना आणि निरनिराळी आकडेवारी आहे. वाद लवकर पेटतो त्याचे कारण मला तिथे दिसते. (व्हॉट्सॲपच्या गटात संदेश निवडणारी अशी यंत्रणा नसते, तरी तिथेही हेच घडते, कारण गट आपणच निवडलेले असतात.)

नोंद बंद करण्याचा उपयोग होतो, पण मर्यादित. यूट्यूबवर जुनी नोंद पुसून ती बंद ठेवली, तर मुखपृष्ठावरील शिफारशी जवळजवळ नाहीशा होतात आणि पाहायचे ते स्वतः शोधावे लागते. युरोपीय संघात २०२३ पासून मोठ्या मंचांना सवयींवर न बेतलेल्या शिफारशींचा एक तरी पर्याय देणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडेही तसा हक्क असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तोवर ‘सबस्क्रिप्शन्स’ हा विभाग वापरावा. तिथे आपण स्वतः निवडलेल्या वाहिन्यांचे व्हिडिओ दिसतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या एक-दोन वाहिन्या त्यात जाणीवपूर्वक घालता येतात.

त्या निवडताना मात्र घाई करू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी ट्विटर वापरकर्त्यांना महिनाभर विरुद्ध पक्षाचे संदेश दाखवले, तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे समर्थक आपल्या मताला अधिकच चिकटले. म्हणून आरडाओरडा करणारा वक्ता टाळावा, आणि ज्याने मांडलेली आपली बाजू ऐकून ‘होय, आमचे म्हणणे हेच आहे’ असे आपल्याला म्हणता येईल आणि जो त्यानंतरच ती खोडतो, असा वक्ता निवडावा.