गादीला ऊन दाखवताना हरवलेला 'ह'

प्रश्न असा आला आहे : 'दसऱ्याच्या आधी आई म्हणायची, गाद्या-गोधड्यांना ऊन दाखव. उन्हात टाक, घाल, ठेव असं न म्हणता "दाखव" का? आणि हो, ऊनात लिहायचं की उन्हात?'

दुसरा प्रश्न शेपटासारखा जोडलाय, पण मी आधी तोच घेणार, कारण 'ऊनात' ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. चादरीच्या पाकिटावर 'कडक ऊनात वाळवू नये'. रेडिओवर 'दुपारच्या ऊनात बाहेर पडू नका'. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालच आलं, 'गच्चीत उनात रजया टाकल्यात, कबुतरं हाकला.' ह्यांनी निदान उ ह्रस्व केला, म्हणून कबुतरं हाकलली.

उन्हात. उ ह्रस्व, पुढे न्ह. उन्हाला, उन्हाचा, उन्हानं. संपलं.

पण हा ह येतो कुठून? शाळेत सांगतात, अपवाद आहे, पाठ करा. माझ्या ओळखीतले शुद्धलेखनाचे एक कट्टर गृहस्थ तर म्हणतात की ह निव्वळ लाडाचा आहे, काढून टाकला तर नियम सुटसुटीत होईल. त्यांच्या हातात साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम कायम असतात. त्या नियमांनी एवढंच कळतं की उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ऊ सामान्यरूपात, म्हणजे शब्दाला प्रत्यय लागताना, ह्रस्व होतो : फूल-फुलाला, मूल-मुलाला, नागपूर-नागपुरास. नियम पाळून फार तर 'उनात' मिळेल. ह कुठला, यावर नियम गप्प. आणि नियम गप्प बसला की आमचे गृहस्थ शब्दालाच गप्प करायला निघतात!

ह लाडाचा नाही, वडिलोपार्जित आहे. संस्कृत उष्ण, प्राकृतात उण्ह. ष् विरघळला आणि जाताना श्वास तेवढा मागे ठेवून गेला, तोच हा ह. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ उच्चारात गळाला, ह ला टेकायला स्वर राहिला नाही, म्हणून एकटं 'ऊन' म्हणताना तो ऐकू येत नाही. पुढे स्वर आला की लगेच हजर : उन्हात, उन्हाळा, 'उन्हं कलली'. 'उनं कलली' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणजे कान बरोबर आहेत, चुकतात ती बोटं.

ष्ण चा हा संसार फार गोड आहे. कृष्णाचा कण्ह, कान्ह, आपला कान्होबा. तृष्णेची तण्हा, आणि तिथून तहान, जिच्यात ह ने न च्या आधी उडी मारली. कोकणीत तर तो थेट दारात येऊन बसलाय : गोव्यात गरम पाणी म्हणजे 'हून उदक'. आता कुणी स्नुषेची सून काढून विचारेल की प्राकृतात तीही सुण्हा होती, मग 'सुन्हेला' का नाही? नाही खरं. सुनेनं आपला ह माहेरी ठेवला. सगळे शब्द सारखे वागत नाहीत, म्हणून जो वागला त्याला शिक्षा का?

बरं, ह काढला तर होतं काय? संस्कृतात 'ऊन' असा अगदी वेगळा शब्द आहे, अर्थ कमी. एकोणीस मध्ये तोच बसलाय, एकाने ऊन वीस. आपलं उणं आणि उणीव त्याच घरचे. तेव्हा 'मी ऊनात बसलो' म्हणणारा माणूस कोशाच्या हिशेबानं तोट्यात बसलेला असतो.

आता माझी आवडती गोष्ट. ऊन म्हणजे फक्त सूर्याचं, असं शहरात वाटतं. 'ऊन ऊन भात' आपण अजून म्हणतो, पण त्याला ताटापुरतं ठेवलंय. नकाशा काढा. पालीजवळ उन्हेरे. दापोली तालुक्यात उन्हवरे. राजापूरजवळ उन्हाळे, आणि त्याचा ऋतूशी काडीचा संबंध नाही. तिन्ही ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत! जमिनीतून ऊन पाणी येतं म्हणून गावाला ते नाव, आणि ह तिन्हींत शाबूत. घाट चढून वर या. जळगाव जिल्ह्यात उनपदेव, नांदेडकडे उनकेश्वर. तिथेही गरम पाणीच, फक्त ह झिजला. उनकेश्वर सरळ आहे, उष्णकाचा ईश्वर. उनपदेवात तो प कुठला? माझं मत असं की ते उष्ण अधिक आप, आप म्हणजे पाणी. उष्णाप, उण्हाप, उनप. ऊन पाण्याचा देव. हे कुठल्या कोशात वाचलेलं नाही, माझं आहे, आणि मी ते सोडणार नाही. जळगावच्या एका मित्रानं लगेच सुनावलं, 'मग आमच्याकडे सुनपदेवही आहे, तो काय सुनेचा देव?' मी म्हटलं, ऊनप-सूनप, चहाबिहा म्हणतो तसं. तो हसला. हसू दे. याहून बरी व्युत्पत्ती त्यानं आणली नाही.

तर गादी. राहिलीच की.

'दाखवणे' हे क्रियापद आपण थोडक्यासाठी वापरतो. देवाला नैवेद्य दाखवतो, तो ताटातून कमी होत नाही. धूप दाखवतो, पापडाला आच दाखवतो. तसंच ऊन. ओलं कापड वाळत घालतात. कोरडी पण पावसाळाभर ओल धरून कुबट झालेली गोधडी, पेटीतली पैठणी, डब्यातली डाळ यांना ऊन दाखवतात. पैठणीला ते दाखवायचं म्हणजे कोवळंच, आणि उलट बाजूनं, नाहीतर रंग उडतो. गंमत व्याकरणात आहे : 'गादीला' ऊन दाखव. बघणारी गादी. चार महिने अंधारात पडलेल्या जिवाला बाहेर आणून सूर्य दाखवायचा, असा तो चतुर्थी विभक्तीचा, 'ला' प्रत्ययाचा मान. 'उन्हात टाक' मध्ये गादी नुसती वस्तू होते.

आश्विनातलं ऊन त्यासाठी नेमकं. पाऊस ओसरलेला, हवा धुतलेली, आणि दुपारी बारा-एकला ऊन मी म्हणत असतं. (याला 'ऑक्टोबर हीट' म्हणण्यावर माझा वेगळा राग आहे, तो पुन्हा कधीतरी.) कठड्यावर टाकलेली गोधडी तासाभरानं उलटायची, वेताच्या छडीनं झोडायची, आणि उन्हं उतरायच्या आत घरात घ्यायची, नाहीतर दव धरते. घडी घालताना तोंड खुपसून वास घ्यायचा, हे मात्र आई सांगायची नाही, आम्ही आपणहून करायचो.

म्हणजे तुमची आई बरोबर होती. पाकीट छापणारा चुकला.