इंजिन सहा वेळा गुरगुरलं, मग वेग एकच कसा?

वाचकांचे प्रश्न

(उत्तरं देणाऱ्या ताई मेलबर्नला राहतात. नोकरी एका रसायनांच्या कारखान्यात कंट्रोल इंजिनिअर म्हणून झाली. आता शनिवार-रविवारी वॉटर स्कीच्या स्पर्धांत बोटीतल्या पंच म्हणून बसतात.)

प्रश्न: मार्चमध्ये मेलबर्नला मुलाकडे आलो असताना मूम्बाच्या जत्रेत यारा नदीवर वॉटर स्कीच्या स्पर्धा पाहिल्या. बोयांच्या रांगेतून स्कीअर नागमोडी जात होता. बोट जवळून गेली की इंजिनाचा आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. मी मोजलं, प्रत्येक फेरीत सहा वेळा. मुलगा म्हणतो, बोटीचा वेग यंत्रच धरून ठेवतं, ड्रायव्हर हातही लावत नाही. वेग धरलेला असेल तर इंजिन असं वरखाली का होतं? शिवाय नदीला ओहोटी असेल तर बोटीला आयता फायदा मिळत नाही का? — एक आजोबा, कोथरूड

काका, तुमचे कान पक्के आहेत. मुलाचं म्हणणंही खरं आहे. इंजिन चढत-उतरत होतं म्हणूनच वेग जागेवर होता.

आधी मैदान बघा. स्लॅलमचा, म्हणजे या नागमोडी प्रकाराचा, कोर्स 259 मीटर लांब असतो. स्कीअरला बाहेरून वळसा घालायचे सहा बोये, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, मधल्या रेषेपासून 11.5 मीटरवर. बोट मात्र मधून सरळ जाते. पुरुषांच्या खुल्या गटात बोटीचा सर्वाधिक वेग ताशी 58 किलोमीटर, बायकांच्या गटात 55. गणित करून बघा, 58 ला हे अंतर 16.08 सेकंदांत संपतं आणि 55 ला 16.95 सेकंदांत. एका बोयापासून पुढच्या बोयापर्यंत लांबीच्या दिशेनं 41 मीटर, म्हणजे जेमतेम अडीच सेकंद. तेवढ्यात वळायचं, बोटीमागच्या लाटा कापून पलीकडे जायचं आणि पुन्हा वळायचं.

पलीकडे जाताना स्कीअर दोर धरून मागे रेलतो आणि स्की आडवी घालतो. त्या क्षणी त्याचा स्वतःचा वेग बोटीपेक्षा कितीतरी जास्त होतो. तो ताण सगळा बोटीच्या मधोमध असलेल्या खांबावर येतो आणि दीड टनाच्या आतबाहेरची ती बोट मागे खेचली जाते. वेग पडतो. यंत्राला ते कळतं, ते थ्रॉटल उघडतं, इंजिन गुरगुरतं. स्कीअरनं ओढ सोडली की बोट मोकळी होऊन पुढे उसळू बघते, यंत्र थ्रॉटल मिटतं. गाडीच्या क्रूझ कंट्रोलला दर अडीच सेकंदांनी एक चढ लागावा, तसा हा प्रकार. तुम्ही मोजलेले सहा चढ म्हणजे स्कीअरच्या सहा ओढी.

‘वेग धरून ठेवणं’ या शब्दांवर मात्र जाऊ नका. आयुष्यभर मी तापमान आणि दाब धरून ठेवणारी यंत्रं लावली. मोजून दुरुस्ती करणारं असं यंत्र चूक घडल्याशिवाय हलत नाही. वेग आधी पडतो, मग उचलला जातो. किती पडू द्यायचा, किती लवकर उचलायचा आणि किती जोरात, सगळी मेख तिथे आहे. हे स्कीअरला ठरवता येतं. झीरो ऑफ या जीपीएसवर चालणाऱ्या यंत्रणेत ए, बी, सी अशी अक्षरं आणि 1, 2, 3 असे आकडे असतात. अक्षराचा संबंध प्रतिसादाच्या वेळेशी, आकड्याचा जोराशी. फेरीआधी स्कीअर ड्रायव्हरला ‘बी-2’ किंवा जे हवं ते सांगतो. ऐकायला सिनेमाच्या तिकिटावरचा सीट नंबर वाटतो, पण ‘ए की सी’ यावर डॉकवर जितका वाद होतो तितका निवडणुकीवरही होत नसेल.

यात एक गंमत आहे, आणि ती काठावरून दिसत नाही. यंत्र मदत पाठवतं ती नेहमी किंचित उशिरा. चांगला स्कीअर बोयाला वळल्याबरोबर जोर लावतो आणि लाटांच्या मध्यापर्यंत ओढ संपवत आणतो. त्याला बोटीची उसळी उपयोगी पडते. कच्चा स्कीअर मध्य ओलांडल्यावरही ओढतच राहतो. नेमकी तेव्हाच बोट जोरात पुढे निघते, दोर त्याला बाहेर फेकायच्या ऐवजी पुढे खेचतो आणि पुढच्या बोयाला तो उशिरा आणि भलत्या वेगानं पोचतो. चौथ्या बोयापाशी पाण्यात पडलेला माणूस वर येऊन म्हणतो, ‘बोट फार जोरात होती.’ बोट जोरात नव्हती. त्यानंच तिला तसं करायला लावलं होतं.

आता ओहोटी. यारा समुद्राकडून डाइट्स फॉल्सपर्यंत भरती-ओहोटीची नदी आहे, त्यामुळे शंका रास्त. जीपीएस जमिनीच्या हिशोबानं वेग मोजतो आणि बोये तळाला नांगरलेले असतात, म्हणून दोन्ही दिशांना 16.08 सेकंद तेच राहतात. पाण्याच्या हिशोबानं मात्र फरक पडतो. प्रवाह ताशी 1 किलोमीटरचा असला, तर उलट जाताना स्कीखालचं पाणी 59 नं धावतं आणि सोबत जाताना 57 नं. प्रवाहासोबत स्की जरा बसल्यासारखी वाटते. हा फरक दोन्ही दिशांना सगळ्यांच्या वाट्याला येतो, त्यामुळे कोणी तक्रार करत नाही. यारावर खरा त्रास काठाच्या दगडी भिंतींवरून उलटून येणाऱ्या लाटांचा.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटी स्टॉपवॉचवर वेळ बरोबर आली म्हणजे वेग बरोबरच होता ना? मग एवढी महागडी यंत्रणा कशाला? — सांगली

नाही. वही काढ आणि हे गणित कर. कोर्सचा पहिला अर्धा भाग बोट 57 नं गेली, दुसरा 59 नं. पहिल्याला 8.18 सेकंद, दुसऱ्याला 7.90. बेरीज 16.08. घड्याळाच्या मते सगळं आलबेल! स्कीअरला मात्र पहिले तीन बोये फुकट मिळाले आणि पुढचे तीन अंगावर आले. उलटं केलं तर उलट.

हाताचा जमाना असाच होता. बोटीच्या तळाशी एक नळी असायची, तिच्यातल्या पाण्याच्या दाबावर वेगमापक चालायचा. नळीत शेवाळ अडकलं की काटा वाट्टेल ते दाखवायचा, म्हणून बहुतेक बोटींना दोन-दोन काटे असत. ड्रायव्हर कानानं इंजिन ऐकायचा आणि स्कीअर ओढणार त्याच्या निमिषभर आधी थ्रॉटल पुढे करायचा. पंच स्टॉपवॉच घेऊन शेजारी. हे कसबाचं काम होतं आणि जुन्या ड्रायव्हरांपैकी काहींचा हात अक्षरशः दैवी होता. मला त्या जमान्याबद्दल कोणी हळवं होऊन सांगायला लागलं, की मी दुसरी बाजू विचारते: ओळखीचा ड्रायव्हर मिळालेल्याची फेरी आणि अनोळखी ड्रायव्हर मिळालेल्याची फेरी एकसारखी होती का?

मग कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या परफेक्ट पास या कंपनीनं थ्रॉटल यंत्राच्या हाती दिलं. ती यंत्रणा सुरुवातीला इंजिनाचे फेरे धरून ठेवायची. फेरे आणि वेग एक नव्हेत, हे तुला सांगायला नको. वारा समोरून आला, बोटीत एक माणूस जास्त बसला, तर त्याच फेऱ्यांना वेगळा वेग, म्हणून स्कीअरच्या दर काही फेऱ्यांनंतर आकडे जुळवत बसावं लागे. 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात जीपीएस आला आणि यंत्र थेट वेगच बघायला लागलं. आता एकूण वेळेवर कोणी समाधान मानत नाही. मधल्या टप्प्यांच्याही वेळा नोंदवल्या जातात, त्यामुळे तुझी 57-59 ची चोरी तिसऱ्या बोयालाच पकडली जाईल.

प्रश्न: मग ड्रायव्हर काय नुसता बसून असतो? — ठाणे

तरफ पुढे ढकलून तिथेच ठेवतो. ठरलेला वेग आला की यंत्र ताबा घेतं, त्यानंतर तरफ आणखी पुढे केली तरी काही होत नाही, मागे ओढली की यंत्र सोडून देतं. एवढंच ऐकलं तर काम सोपं वाटेल. पण सुकाणू कोणी धरायचं? बोटीच्या वाटेवरच्या बोयांच्या जोड्यांमधली गल्ली 2.3 मीटर, बोट तिच्यातून घासून जाते. दर अडीच सेकंदांना स्कीअर बोटीचा खांब आडवा खेचत असतो, तरी नाक सरळ राहिलं पाहिजे. बोट स्कीअरच्या बाजूला वीतभर सरकली तर बोया त्याच्यासाठी वीतभर जवळ आला. कस लावायला दोर आखूड करत नेतात; तो 18.25 मीटरवरून कापत कापत 11.25 वर आला, म्हणजे बोयाच्या अंतरापेक्षाही आखूड झाला, की तिथे हात आणि अंग लांबवून बोया गाठायचा असतो. तिथे वीतभराला फार किंमत असते. म्हणून आता मोठ्या स्पर्धांत बोटीची वाटसुद्धा सेंटीमीटरमध्ये मोजतात. वेगाची लबाडी बंद झाल्यावर सगळ्यांची नजर सुकाणूवर गेली, दुसरं काय.

प्रश्न: मुलगी अकरा वर्षांची आहे, इथल्या क्लबात शिकते. सध्या 40 च्या वेगाला सहाही बोये करते. तिला आवडत्या चॅम्पियनचंच सेटिंग हवं आहे आणि लगेच दोरही आखूड करायचा आहे. काय करू? — एक आई, जिलाँग

दोर आखूड करायची घाई नको. वेग तीन-तीन किलोमीटरनं चढतो: 40 नंतर 43, मग 46. तिच्या गटाच्या कमाल वेगापर्यंत पोचली की मग दोराचं बघू.

सेटिंगचं म्हणाल तर चॅम्पियन माणूस ऐंशी-नव्वद किलोचा, त्याची ओढ वेगळी. तुमची मुलगी बोटीला जेवढी खेचते तेवढ्यात वेग फारसा पडतच नाही, मग उसळी कुठून येणार? आकडा 1 ठेवा आणि हंगामभर त्याला हात लावू नका. वेग, सेटिंग आणि नवी स्की असं एकाच आठवड्यात बदललं, तर पडल्यावर कारण कोणालाच सांगता येणार नाही. तिच्या फेऱ्यांचा व्हिडिओ बोटीतून काढा आणि आवाज बंद करू नका. इंजिन चढतं तेव्हा ती लाटांच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच बघायचं. पलीकडे असेल तर प्रशिक्षकाला तेच दाखवा, सेटिंगचा विषयही काढू नका.

आणि फेरीआधी ड्रायव्हरला वेग, दोर, अक्षर, आकडा हे तिलाच सांगू द्या. तुम्ही डॉकवरून ओरडून सांगू नका, आमच्या क्लबात आयांना त्यावरून बोलणी बसतात.