पाणीपातळीसोबत जाळीची खोलीही लिही

प्रिय,

तुझा भूजलाचा समपातळी नकाशा, म्हणजे सारख्या पाणीपातळीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा, पाहिला. रेषा सुबक आहेत, पण वीस मीटरची विहीर आणि दोनशे मीटरचं बोअर तू एकाच रेषेत ओवलं आहेस. मोठ्या खोऱ्यात हे चालत नाही. तिथे पाणी आडवं सरकतं, खाली उतरतं आणि पुढे कुठेतरी वरही चढतं.

पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं, हे वाक्य इथे विसर. ते जास्त हेडकडून कमी हेडकडे जातं. जाळी म्हणजे पाईपाचा छिद्रांचा भाग, जिथून पाणी आत येतं. हेड म्हणजे या जाळीची समुद्रसपाटीपासूनची उंची, अधिक जाळीच्या वर पाईपात चढलेलं पाणी. समज, जमीन ४१२ मीटरवर आहे आणि एकाच जागी दोन पिझोमीटर, म्हणजे पाणीपातळी मोजायचे अरुंद पाईप, आहेत. पहिल्याची जाळी २० मीटर खोल, पाणी जमिनीखाली ६ मीटरवर. दुसऱ्याची जाळी ८० मीटर खोल, पाणी ९ मीटरवर. हेड झालं ४०६ आणि ४०३. वरच्या जाळीवर १४ मीटर पाणी उभं आहे, खालच्या जाळीवर ७१ मीटर. तरी पाणी खालीच चाललंय! ६० मीटरांत ३ मीटर घट, म्हणजे हेडचा उतार ०.०५. ही पुनर्भरणाची जागा, इथे पाणी मुरून भूजलात भर पडते. उलट, खोल पाईपातलं पाणी उथळ पाईपातल्यापेक्षा वर दिसलं, तर निस्सरण, म्हणजे भूजल वर येतंय; आसपास झरे, पाणथळ किंवा खार फुटलेली जमीन शोध.

भूजलशास्त्रज्ञ जोझेफ टोथ यांनी १९६३ मध्ये हे गणिताने मांडलं. टेकडीवर मुरलेलं काही पाणी लगतच्या ओढ्यात निघतं, काही एक-दोन दऱ्यांखालून पलीकडे जातं आणि थोडंसं मुख्य पाणलोटरेषेपासून खोऱ्याच्या तळापर्यंत पोहोचतं. त्यामुळे ओढ्यात येणारं पाणी एक आणि त्याच्याखालून जाणारं दुसरंच, असं असू शकतं.

पाण्याचा वेग म्हणजे वाहकता (थर पाणी किती सहज वाहू देतो त्याचं माप) गुणिले उतार, भागिले प्रभावी सच्छिद्रता (पाणी वाहू शकेल अशा पोकळीचा वाटा). या सच्छिद्रतेने भागायला बहुतेक जण विसरतात. वाहकता दिवसाला १० मीटर, उतार ०.००१, प्रभावी सच्छिद्रता ०.२ धर: वर्षाला सुमारे १८ मीटर. शंभर किलोमीटरला साडेपाच हजार वर्षं. न भागता काढलंस तर वेग पाचपट कमी येईल. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट आर्टेशियन खोऱ्यात, सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरांत, काही पाणी दहा लाख वर्षांहून जुनं आहे. तिथे पाण्याचं वय काढायला कार्बन-१४ सुद्धा अपुरा पडतो, क्लोरीन-३६ लागतो. ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तो ताज्या पाण्याची खूण; अशा खोल बोअरमध्ये तो सापडला तर आधी केसिंग (बोअरच्या भिंतीला लावलेला पाईप) गळतंय का ते बघ.

आणि चिकणमातीच्या थरापुढे ‘अभेद्य’ लिहू नकोस. उभी वाहकता दिवसाला ०.०००१ मीटर आणि उतार ०.१ असला, तरी हजार चौरस किलोमीटरांतून रोज १०,००० घनमीटर पाणी पाझरतं. पंपिंग चाचणी (पाणी उपसून पातळी कशी उतरते ते पाहणं) दोन-तीन दिवसांची असेल, तर त्यात ते दिसणारही नाही.

आता नकाशा जाळीच्या खोलीनुसार दोन-तीन थरांत फोड. ज्या बोअरची जाळी कुठे आहे याची नोंद नाही, किंवा जे वरपासून खालपर्यंत उघडं आहे, ते सरळ वगळ. त्यात दिसणारी पातळी सगळ्या थरांची खिचडी असते. निम्मे बिंदू गळतील, गळू देत. मग एक उभा छेद काढ. छेदाची उभी मोजपट्टी आडवीच्या पन्नासपट ताणली असेल, तर प्रवाहरेषा समहेड रेषांना काटकोनात छेदणार नाहीत. त्या ओढूनताणून काटकोनात आणू नकोस.